सकर फिशचं पोट खपाटीला गेलंय? प्लेको ओळखणं आणि वाचवणं: क्रमाने काय तपासायचं

प्लेकोची तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. ‘सकर’ किंवा ‘टँक क्लीनर’ म्हणून बोटाएवढा काळसर मासा आणला, पहिले काही आठवडे त्याने काच चाटूनपुसून लख्ख ठेवली आणि मग एक तर तो एका कोपऱ्यात पडून राहिला, नाहीतर गोल्डफिशच्या अंगाला चिकटायला लागला, नाहीतर एका सकाळी उलटा सापडला. नवा आणला की तीन-चार महिन्यांनी पुन्हा तेच. यात दोष क्वचितच माशाचा असतो. प्लेको हा सफाई कामगार नाही. त्याला स्वतःचं जेवण, स्वतःची जागा आणि इतर माशांपेक्षा जास्त प्राणवायू लागतो. टाकीतलं शेवाळ संपलं की त्याची उपासमार सुरू होते आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तो खातो रात्री आणि आपण बघतो दिवसा.

आधी लक्षणं

काळजी करण्यासारखी लक्षणं ही:

- पोट आत गेलंय, डोळे खोल गेलेत. काचेला चिकटलेला असताना खालून बघितलं की हे नीट दिसतं.
- मासा वारंवार वर जाऊन हवा गिळतोय, किंवा फिल्टरच्या धारेजवळच चिकटून आहे आणि कल्ले भराभर हलतायत.
- दिवसाउजेडी उघड्या काचेवर निपचित पडलाय, पर अंगाला मिटून घेतलेत, हात जवळ नेला तरी हलत नाही.
- दुसऱ्या माशाच्या अंगाला चिकटतोय.
- अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, बुळबुळीत पांढरट थर, किंवा पोटाशी लाल चट्टे.
- विष्ठा पांढरी, पारदर्शक दोऱ्यासारखी.

आता ज्याला उगाच आजार समजलं जातं ते. दिवसभर लाकडाखाली लपून राहणं हा त्याचा स्वभावच आहे, तो निशाचर आहे. तासन्‌तास एका जागी न हलणंही नेहमीचंच. अधूनमधून एकदा वर झेपावून हवेचा घोट घेणं ठीक, कारण बाजारातला साधा प्लेको पोटातून हवेतला प्राणवायू घेऊ शकतो. मात्र तो दर दोन-चार मिनिटांनी वर जात असेल तर पाण्यात काहीतरी बिघडलंय. हिरवट किंवा तपकिरी विष्ठेच्या लांबच लांब माळा म्हणजे मासा पोटभर खातोय, त्या बघून समाधान मानावं. डोळ्याच्या बुबुळावर वरून उतरलेली पापणीसारखी झालर दिसते, तोही रोग नाही. प्रकाशानुसार ती लहानमोठी होते.

पहिली तपासणी: रात्री टॉर्च लावून पोट बघा (खर्च शून्य)

टाकीचा दिवा बंद करा, तासाभराने खोलीतही अंधार ठेवून टॉर्च बाजूने मारा. मासा काचेवर आलेला असतो. छातीच्या परांपासून पोटाच्या परांपर्यंतचा भाग बघा. धडधाकट माशात हा भाग सपाट किंवा किंचित फुगीर असतो. उपाशी माशात तिथे खळगा दिसतो, दोन्ही कडांचं हाड उठून दिसतं आणि मधली कातडी आत ओढल्यासारखी होते. वरून पाहून हे कधीच कळत नाही. पाठीवर आणि बाजूंना हाडांच्या चकत्यांचं चिलखत असल्यामुळे वरून मासा मरेपर्यंत तसाच भरलेला दिसतो.

हे सगळ्यात आधी करायचं कारण असं की पुढचं सगळं यावरून ठरतं. पोट भरलेलं असून मासा सुस्त असेल तर पाण्याकडे वळा. पोट रिकामं असेल तर आधी जेवण.

दुकानातून आणतानाही हीच परीक्षा घ्या. आपल्याकडे मासे कोलकाता, चेन्नई, मुंबईहून पिशव्यांत बंद होऊन येतात. वाटेत त्यांना खायला घालत नाहीत आणि दुकानाच्या टाकीत शेवाळही नसतं. फार दिवस उपाशी राहिलेल्या प्लेकोच्या आतड्यातले पचनाला मदत करणारे जिवाणू मरून जातात. असा मासा घरी आल्यावर खातो आणि तरीही वाळत जातो. पोट खोल गेलेला मासा दया येऊन घेऊ नका, भरल्या पोटाचा निवडा.

दुसरी: तुमच्याकडे नक्की कोणता मासा आहे?

हेही फुकट आहे, फक्त मोबाइलवर एक स्पष्ट फोटो लागतो. मासा पाठीचा पर उभारेल तेव्हा बाजूने फोटो काढा आणि मोठा करून पराच्या काड्या मोजा. पुढचा जाड काटा सोडून द्यायचा.

नऊ किंवा जास्त काड्या, बहुधा दहा ते तेरा, असतील आणि पर शिडासारखा मोठा असेल तर तो टेरिगोप्लिक्थिस. नाशिकच्या दुकानांत ‘सकर’ म्हणून मिळतो तो जवळपास नेहमी हाच. अंगावर बिबट्यासारखी नक्षी किंवा ठिपके असतात, सोनेरी-पांढरा अल्बिनोही मिळतो. आणताना दोन इंच असला तरी चांगल्या सांभाळात तो ४० ते ४५ सेंटिमीटरपर्यंत जातो. हे वाक्य दुकानात कुणी सांगत नाही आणि निम्म्या अडचणींचं मूळ तिथेच आहे.

सातच्या आसपास काड्या, डोकं रुंद-चपटं, मुस्कटाच्या कडेला हाडाच्या चकत्या नाहीत, अंग काळपट तपकिरी आणि बारीक ठिपके असतील तर तो ब्रिसलनोज, म्हणजे अँसिस्ट्रस. नराच्या नाकावर फांद्यांसारख्या मिशा येतात. मादीला नसतात, किंवा कडेला बारीक असतात. हा १२-१३ सेंटिमीटरवर थांबतो. घरच्या टाकीसाठी प्लेको हवाच असेल तर हाच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. थोडा महाग पडला तरी.

सात काड्या पण मुस्कटावरही चिलखत आणि अंग मोठं होणारं, असा हायपोस्टोमस. हा जुन्या पुस्तकांतला ‘प्लेकोस्टोमस’. आपल्याकडे तो क्वचित येतो. सांभाळ टेरिगोप्लिक्थिससारखाच.

सडपातळ, लांबट, पिवळट सोनेरी, अंगावर चिलखत नाही आणि दिवसाही टाकीभर पळतोय? तो प्लेकोच नाही, तो चायनीज अल्गी ईटर. लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की आक्रमक होतो आणि इतर माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडतो. ‘माझा सकर गोल्डफिशला चिकटतो’ या तक्रारीत आधी ही ओळख पक्की करून घ्या, कारण हा असेल तर खाणं वाढवून उपयोग नाही, त्याला वेगळंच करावं लागतं.

पट्ट्यापट्ट्यांचे महागडे लहान प्लेको घेतले असतील तर आहार वेगळा असतो. क्लाऊन प्लेकोला लाकूड लागतंच. झेब्रा प्लेको, ज्याचा क्रमांक एल-०४६, भाज्यांपेक्षा मांसाहारी खाद्य खातो. हे ‘एल’ क्रमांक १९८८ मध्ये एका जर्मन मासिकाने शास्त्रीय नाव न मिळालेल्या प्लेकोंसाठी सुरू केले. दुकानदाराने क्रमांक सांगितला तर तो लिहून ठेवा, आहार शोधायला सोपं जातं.

तिसरी: जेवण

दिवे बंद केल्यावरच घाला. दिवसा टाकलेला वेफर (माशांच्या खाद्याची चपटी वडी) गोल्डफिश आणि मोली दोन मिनिटांत फस्त करतात आणि आपल्याला वाटतं सकरने खाल्ला.

दहा सेंटिमीटरच्या माशाला आठवडाभराचा साधारण बेत असा: चार रात्री बुडणारा शेवाळाचा वेफर, एका वेळी एक. दोन रात्री भाजी. एक रात्र काही नाही. भाजीत काकडीची साल काढलेली एक सेंटिमीटर जाडीची चकती, किंवा दुधी, लाल भोपळा, दोडका मिनिटभर उकळून गार केलेला. पालकाचं पान अर्धा मिनिट गरम पाण्यातून काढा. चकती तरंगते, म्हणून स्टीलचा चमचा तिच्यात खुपसून खाली बसवा. सकाळी उरलेली भाजी काढून टाका. दिवसभर राहिली तर कुजते आणि अमोनिया वाढतो. नुसत्या काकडीवर मासा जगत नाही, ती जवळपास सगळी पाणीच असते.

भाजी आधी साल काढून, स्वच्छ पाण्यात अर्धा तास बुडवून घ्या. फवारणीचा अंश आपल्याला चालला तरी माशाला चालत नाही. याच कारणाने घरात द्राक्षांची पेटी आली म्हणून एखादा मणी टाकीत सोडू नका. त्यावरची औषधं आणि आतली साखर दोन्ही वाईट.

खळगा पडलेल्या माशाला एकदम भरपूर देऊ नका. अर्धा वेफर दिवा बंद केल्यावर, अर्धा झोपण्यापूर्वी, असं दहा दिवस. इतर मासे पळवत असतील तर त्याला जाळीच्या विभागात किंवा वेगळ्या छोट्या टाकीत ठेवूनच खायला घाला.

एक लाकूड टाकीत असू द्या. ब्रिसलनोज ते खरवडतो, शेवाळ खातो, आडोशाला राहतो. दुकानातलं ड्रिफ्टवूड आठवडाभर पाण्यात बुडवून, एकदा उकळून घ्या. पाणी चहाच्या रंगाचं झालं तर घाबरू नका. फर्निचरचं, पॉलिशचं, चिकाचं लाकूड अजिबात नको. दगडांबद्दल नाशिककर नशीबवान: आपला काळा बेसॉल्ट पाण्याचा गुणधर्म बदलत नाही. पण फोडलेली खडी नको, तिच्या धारेने पोट सोलतं. नदीतले गुळगुळीत गोटे घासून, उकळून वापरा. संगमरवर आणि शिंपल्यांनी पाणी जास्त अल्कधर्मी होतं, ते टाळा.

चौथी: तापमान

शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर घ्या आणि पहाटे सहाला आकडा बघा, दुपारी नव्हे. प्लेकोला २४ ते २८ अंश लागतात. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा १० अंशांखाली उतरतो, निफाडकडे त्याहूनही खाली, आणि हीटर नसलेल्या टाकीचं पाणी १८-२० वर येऊन थांबतं. त्या तापमानाला प्लेको खाणं सोडतो, पचन मंदावतं आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पसरतो. ‘थंडीत प्लेको मेला’ या तक्रारीचं कारण बहुधा इतकंच असतं.

हीटर लिटरला एक वॉट या हिशोबाने घ्या. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागलं की लिटर निघतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकीत दगड-वाळू वजा जाता ६० लिटरच्या आसपास पाणी राहतं, तिला ७५ वॉटचा हीटर पुरतो. हीटरला प्लास्टिकची जाळी लावा. प्लेको गरम काचेवर चिकटून बसतो आणि पोट भाजून घेतो, पोटावरचे गोल लालसर चट्टे त्याचेच असू शकतात.

एप्रिल-मेमध्ये उलटी अडचण. पाणी ३१-३२ वर गेलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. झाकण उघडं ठेवा, हवेचा पंप वाढवा, वरून पंखा लावा. बर्फ थेट टाकू नका.

पाचवी: पाणी

इथे थोडा खर्च आहे आणि सगळ्यात जास्त उत्तरंही इथेच मिळतात, म्हणून घाई करू नका. थेंबांचा टेस्ट किट घ्या, कागदी पट्ट्यांपेक्षा भरवशाचा. माशाच्या घाणीतून विषारी अमोनिया सुटतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट (तेही विषारी) आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. हवेत ते आकडे: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) आत (२० असेल तर उत्तम), पीएच ६.५ ते ७.८.

प्लेको खातो तितकीच घाण करतो. लहान टाकीत मोठा प्लेको म्हणजे फिल्टरवर रोजचा ताण. शहरात महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं. पावसाळ्यात ते गढूळ येतं, तेव्हा क्लोरीनचा वास जास्त जाणवू शकतो. नळाचं पाणी थेट ओतलं की दोन गोष्टी होतात: माशाचे कल्ले भाजतात आणि फिल्टरमधले अमोनिया खाणारे जिवाणू मरतात. दुसरी गोष्ट जास्त घातक, कारण परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो आणि कुणी त्याचा संबंध पाणी बदलण्याशी जोडत नाही. पाणी बादल्यांत २४ तास हवेचा पंप लावून ठेवा, किंवा ‘अँटिक्लोरीन’ म्हणून मिळणारे हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे १०० लिटरला १ ग्रॅम विरघळवून घाला.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरत असाल तर ते जड असतं. जडपणा प्लेको सोसतो, पण अचानक बदल सोसत नाही. शिवाय पीएच ८ ला अमोनिया पीएच ७ पेक्षा जवळपास दहापट विषारी असतो. म्हणून तोच आकडा बोअरच्या पाण्यात मासा मारतो आणि नळाच्या पाण्यात मारत नाही. एका दिवशी नळ, एका दिवशी टँकर, अशी अदलाबदल करू नका.

अमोनिया किंवा नायट्राइट शून्याहून वर दिसला तर लगेच अर्धं पाणी बदला, मग रोज पाव. तापमान जुन्या पाण्याइतकंच ठेवा. एक दिवस खाणं थांबवा. नायट्राइट असेल तर लिटरला १ ग्रॅम खडेमीठ विरघळवून घाला, ते नायट्राइट कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. त्यापुढे मीठ वाढवू नका, प्लेको जास्त मीठ सोसत नाही. आकडे ठीक असतील तर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलणं पुरेसं.

सहावी: फिल्टर आणि हवा

फिल्टरची ताशी क्षमता टाकीच्या पाण्याच्या पाच-सहापट हवी: १०० लिटरला ५०० ते ६०० लिटर प्रति तास. स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतलेल्या स्पंजने मासे गेल्याची उदाहरणं उदंड आहेत. वीज गेली की प्लेको सर्वांत आधी वर येतो. ज्या भागात तासन्‌तास वीज जाते तिथे बॅटरीवरचा हवेचा पंप हवाच.

सातवी: टाकी आणि शेजारी

इथून पुढे खर्च आणि कष्ट दोन्ही वाढतात. ब्रिसलनोजला तीन फुटी, साधारण १०० लिटरची टाकी पुरते. त्यात नर एकच ठेवा, दोन नर जागेवरून भांडतात. टेरिगोप्लिक्थिसला सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी लागते. ४५ सेंटिमीटरच्या माशाला नुसतं वळायलाच दीड फुटाहून जास्त रुंदी लागते. ‘टाकीएवढाच वाढेल’ हे खरं नाही. मासा खुरटतो आणि लवकर मरतो.

फ्लॉवरहॉर्न किंवा ऑस्करसोबत ठेवला असेल तर वेगळा करा. लहान प्लेको ऑस्करने गिळला तर परांचे काटे घशात अडकून दोघेही जातात. गोल्डफिश, डिस्कस, एंजल यांना चिकटत असेल तर आधी जेवण सुधारा, तरी थांबला नाही तर वेगळा करा.

पकडताना जाळं वापरू नका. परांचे काटे आणि अंगावरचे बारीक काटे जाळीत अडकतात, सोडवताना पर तुटतो. प्लास्टिकचा डबा त्याच्यापुढे धरून हळूच आत घ्या. अडकलाच तर मासा पाण्यातच ठेवा आणि बारीक कात्रीने जाळीचा एकेक दोरा कापा. ओढू नका. काचेवरूनही उपटू नका, ओठ फाटतो. पिशवीत नेताना दोन पिशव्या एकात एक घाला, काटे एक पिशवी फोडतात.

मोठा झाला म्हणून तो गोदावरीत, सोमेश्वरला किंवा गंगापूर धरणात सोडणं सर्वांत वाईट. तो दक्षिण अमेरिकेतला मासा आहे. इथे त्याला खाणारं फारसं कुणी नाही. तो काठात बिळं करून अंडी घालतो, काठ ढासळवतो आणि मासेमारांची जाळी फाडतो. उजनीच्या जलाशयातल्या मासेमारांना याचा त्रास होतोच आहे. दुकानदाराला परत द्या, बरेच जण घेतात. नाहीतर मोठी टाकी असलेला शौकीन शोधा.

आठवी: औषध, आणि तेही शेवटी

पाणी तपासल्याशिवाय औषध घालू नका. पांढऱ्या ठिपक्यांवर आधी तापमान दर काही तासांनी एक अंश याप्रमाणे ३० पर्यंत न्या, हवा वाढवा आणि १० ते १४ दिवस तिथेच ठेवा. औषध लागलंच तर अर्ध्या मात्रेने सुरू करा. तांबं असलेलं औषध प्लेकोच्या टाकीत टाळाच. औषध चालू असताना फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, तो औषध शोषून घेतो. मेथिलीन ब्लू मुख्य टाकीत नको, फिल्टरचे जिवाणू मरतात.

इथे थांबा

पाण्यात हात घालताना झिणझिणी किंवा सूक्ष्म झटका जाणवला तर मुख्य स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. तडकलेल्या हीटरला टेप लावू नका. टाकीच्या जोडातून पाणी झिरपत असेल तर भरलेल्या टाकीवर बाहेरून सिलिकॉन लावून गळती थांबत नाही. पाणी अर्ध्यावर आणा आणि टाकी बनवणाऱ्याला दाखवा.

माशाच्या बाबतीत: पोट फुगून डोळे बाहेर आलेत, अंगावर उघडी जखम वाढतेय, २४ तासांत दोनहून अधिक मासे गेलेत, किंवा पाणी आणि तापमान ठीक करूनही आठवड्याभरात मासा खायला लागला नाही, तर स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घालू नका. मासे बघणाऱ्या पशुवैद्याकडे जा. तसा जवळ मिळाला नाही तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

जाताना टाकीतलं एक लिटर पाणी स्वच्छ बाटलीत आजच भरून घ्या, कल्ल्यांच्या हालचालीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आणि पोटाचा फोटो ठेवा, आणि टाकीचे लिटर, शेवटचं पाणी कधी बदललं, कोणतं औषध किती घातलं हे कागदावर लिहून न्या. मासा मेला असेल तर बर्फात गार ठेवून न्या, गोठवू नका.